चमचाभर रक्त : मारिया थेरेसाचा राजवैद्य

१७५५ सालचा जानेवारी महिना. मोरेव्हिया आणि सिलेशिया यांच्या सीमेवरचं हर्मर्सडॉर्फ हे गाव. थंडी कडाक्याची. काही आठवड्यांपूर्वीच वारलेल्या रोझिना पोलाकिन नावाच्या बाईचं प्रेत दफनभूमीतून उकरून काढण्यात आलं. ती रात्री कबरीतून उठून लोकांना छळते, अशी बोलवा गावात उठली होती. प्रेत फारसं कुजलेलं नव्हतं आणि अंगात रक्त असल्यासारखं दिसत होतं. लोकांना तेवढा पुरावा पुरला. तिच्याच घरच्यांना प्रेताला आकडा लावायला सांगितलं, दफनभूमीच्या भिंतीला भगदाड पाडलं आणि त्यातून त्यांच्याच हातांनी ते बाहेर ओढायला लावलं. बाहेर प्रेताचं मुंडकं उडवलं आणि धड जाळलं.

ही हकिकत व्हिएन्नाच्या दरबारात पोहोचली. ऑस्ट्रिया, बोहेमिया आणि हंगेरीवर राज्य करणाऱ्या मारिया थेरेसानं ताबडतोब दोन जाणकार चौकशीला धाडले. एक होता शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक, दुसरा लष्करातला वैद्य. त्यांनी आणलेली माहिती तिनं आपल्या राजवैद्याकडे सोपवली आणि त्याचं मत मागितलं.

राजवैद्यानं फ्रेंच भाषेत एक अहवाल लिहिला. कोणी काय पाहिलं आणि नेमकं किती पाहिलं, यावर त्याचा सगळा भर होता. प्रेतं कापताना भळाभळा रक्त वाहिलं, असं जल्लादानं सांगितलं होतं. खोदून विचारल्यावर तोच कबूल झाला की ते असेल चमचाभर. राजवैद्यानं हा फरक मुद्दाम नोंदवला, कारण भळाभळा वाहणाऱ्या रक्ताचा अर्थ लावायला पिशाच लागतं आणि चमचाभर रक्ताला लागत नाही. हिवाळ्यात, घट्ट बंद पेटीत, हवा पोहोचत नसेल तर प्रेत कुजायला वेळ लागतो, हे त्यानं समजावून सांगितलं. मेलेल्या माणसाची अशी विटंबना आणि जिवंत नातेवाइकांचा असा छळ त्याला असह्य झाला होता, हेही त्या लिखाणात लपत नाही.

मार्च १७५५ मध्ये राणीनं हुकूम काढला. अशा प्रकरणांत पाद्र्यांनी किंवा गावकऱ्यांनी परस्पर प्रेत उकरायचं नाही आणि जाळायचं नाही. सरकारी अधिकाऱ्यांना कळवायचं आणि डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची. अवघ्या २३ वर्षांपूर्वी, १७३२ साली, सर्बियातल्या एका गावात लष्कराच्याच शल्यवैद्यांनी उकरलेली प्रेतं पाहून ती पिशाच झाल्याच्या कागदावर सह्या केल्या होत्या. म्हणजे डॉक्टर पाठवणं पुरेसं नव्हतं. काय पाहायचं, कसं पाहायचं आणि पाहिलेलं कसं तोलायचं, हे त्या डॉक्टरला शिकवलेलं असावं लागतं.

हे शिक्षण उभं करणं हेच या राजवैद्याचं जन्मभराचं काम होतं. त्याचं नाव गेरार्ड व्हॅन स्विटेन.

लायडनच्या १२ खाटा

व्हॅन स्विटेनचा जन्म ७ मे १७०० रोजी हॉलंडमधल्या लायडन गावी झाला. घराणं कॅथलिक. त्या काळी हॉलंडमध्ये सत्ता प्रोटेस्टंटांची होती. कॅथलिकांना आपला धर्म घरात पाळता येई, पण सरकारी पदांची दारं त्यांना बंद होती. या एका गोष्टीनं पुढे त्याच्या आयुष्याची दिशा ठरवली.

लायडनच्या विद्यापीठात तेव्हा हेर्मान बुरहावे शिकवत होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यक शिकायचं तर बुरहावेकडे, असं युरोपभर मानलं जाई. बहुतेक विद्यापीठांत वैद्यक म्हणजे प्राचीन ग्रंथांचं पठण आणि त्यांवरचा वाद. विद्यार्थी रुग्णाला हात न लावताच डॉक्टर होऊन बाहेर पडत. बुरहावे मात्र विद्यार्थ्यांना गावातल्या सेंट सेसिलियाच्या रुग्णालयात नेई. तिथे शिकवण्यासाठी १२ खाटा राखून ठेवलेल्या होत्या, सहा पुरुषांसाठी आणि सहा बायकांसाठी. रुग्णाला त्याच्याच तोंडून त्रास सांगायला लावायचा, नाडी पाहायची, लघवी तपासायची, औषधानं काय फरक पडला ते रोज पाहायचं. रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून आपला अंदाज बरोबर होता का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळायचं. या १२ खाटा वैद्यकाच्या इतिहासात मोलाच्या ठरल्या.

व्हॅन स्विटेननं १७२५ साली लायडनची पदवी घेतली, पण बुरहावेच्या वर्गात जाऊन बसणं सोडलं नाही. गुरूचा शब्द न् शब्द तो लघुलिपीत उतरवून घेई. स्वतः शिकवायलाही लागला आणि विद्यार्थी त्याच्याभोवती जमू लागले. मग धर्म आडवा आला. कॅथलिक माणसानं शिकवण्यावर आक्षेप घेतले गेले आणि त्याची खासगी व्याख्यानं बंद पडली. १७३८ साली बुरहावे वारला. त्याच्या जागी बसण्याची सगळी पात्रता अंगी असलेल्या या शिष्याला ती जागा मिळणं शक्य नव्हतं.

मग त्यानं लेखणी हाती धरली. बुरहावेनं रोगांचं निदान आणि उपचार यांविषयी सूत्रवजा छोटी वाक्यं लिहिली होती. आपल्याकडे सूत्रांवर भाष्य लिहितात त्याच धर्तीवर व्हॅन स्विटेननं त्यांवर लॅटिनमध्ये विस्तृत विवरण लिहायला घेतलं. गुरूच्या व्याख्यानांची टिपणं, स्वतः पाहिलेले रुग्ण आणि इतरांचे अनुभव असं सगळं त्यात आलं. १७४२ पासून एकेक खंड निघत गेला आणि पाचवा खंड त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १७७२ साली, आला. युरोपभरच्या डॉक्टरांनी हे खंड कित्येक वर्षं हाताशी ठेवून वापरले.

एक अपयश आणि एक निमंत्रण

मारिया थेरेसाची धाकटी बहीण मारिया आना हिचं लग्न राणीच्या दिराशी झालं होतं आणि दोघं ब्रसेल्सला राहत होती. १७४४ साली तिला मृत मूल झालं आणि तिची प्रकृती ढासळत गेली. उपचारासाठी लायडनहून व्हॅन स्विटेनला बोलावलं. त्याला तिला वाचवता आलं नाही. डिसेंबरमध्ये ती गेली.

एरवी अशा प्रसंगानंतर वैद्याला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. पण तो रुग्णाची स्थिती राणीला पत्रांतून कळवत होता आणि त्या पत्रांत खोटा दिलासा नव्हता. राणीला त्याचा हा सरळपणा भावला. तिनं त्याला राजवैद्य म्हणून व्हिएन्नाला येण्याचा आग्रह केला. दरबाराच्या बोलावण्याला तो सुरुवातीला तयार नव्हता. अखेर १७४५ च्या जूनमध्ये बायकामुलांसह तो व्हिएन्नात दाखल झाला. मायदेशानं नाकारलेला प्राध्यापक परक्या देशात राजवैद्य झाला.

राजवैद्याचं रोजचं काम राजघराण्याची तब्येत सांभाळणं. मारिया थेरेसाला १७३७ ते १७५६ या काळात १६ मुलं झाली. पुढे फ्रान्सची राणी झालेली मारी आन्त्वानेत त्यांतली पंधरावी. बाळंतपणं, ताप, लहान मुलांची दुखणी यांत या घराची वर्षंच्या वर्षं गेली. ज्याच्या हाती आपल्या लेकरांचा जीव सोपवला त्या माणसाचा शब्द राणी ऐकणारच. असा शब्द पुष्कळ राजवैद्यांच्या वाट्याला आला आणि बहुतेकांनी त्याचं मोल जमिनी, पदव्या, नातलगांच्या नेमणुका यांत वसूल केलं. व्हॅन स्विटेनलाही १७५३ साली सरदारकी मिळाली. पण त्यानं आपला शब्द खर्च केला तो शिक्षणावर.

व्हिएन्नाची नवी घडी

१७४९ साली त्याच्या आराखड्यानुसार व्हिएन्ना विद्यापीठाच्या वैद्यक विभागाची फेररचना झाली. तोवर हा विभाग म्हणजे जुन्या डॉक्टरांचा एक बंदिस्त संघ होता. आपसात परीक्षा घ्यायच्या, आपसात पदव्या द्यायच्या. आता प्राध्यापकांची नेमणूक आणि पगार सरकारकडे आला आणि परीक्षांवर सरकारी देखरेख आली. रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी वेगळा प्राध्यापक नेमला. १७५४ साली विद्यापीठाची वनस्पती बाग सुरू झाली, कारण औषधी वनस्पती चित्रात पाहून ओळखता येत नाहीत. हाइनरिख क्रांत्स या तरुण डॉक्टरला प्रसूतिशास्त्र शिकायला पॅरिस आणि लंडनला पाठवलं आणि तो परतल्यावर सुइणींच्या शिक्षणाचं काम त्याच्याकडे दिलं.

सगळ्यांत मोठं पाऊल १७५४ सालीच पडलं. व्हॅन स्विटेननं बुरहावेचाच दुसरा शिष्य, आन्टोन द हान, याला हॉलंडहून बोलावून घेतलं आणि व्हिएन्नाच्या नागरी रुग्णालयात शिकवण्यासाठी खाटा राखून दिल्या. त्याही १२. सहा पुरुषांच्या, सहा बायकांच्या. लायडनची पद्धत जशीच्या तशी डॅन्यूबच्या काठी रुजली.

द हानच्या वॉर्डात तेव्हा काय चालत असे, याचं एकच उदाहरण पाहू. त्या काळी ताप हातानंच पाहत. कपाळावर हात ठेवायचा आणि अंग गरम की थंड ते सांगायचं. थर्मामीटर होता, पण तो हवामान पाहणाऱ्यांचं आणि प्रयोगशाळेतलं साधन होता. द हान तो रुग्णाच्या अंगाला लावून काही मिनिटं ठेवी आणि आकडा लिहून घेई. हुडहुडी भरलेला रुग्ण थंडीनं कुडकुडत असतो, गोधड्या मागत असतो. त्याच वेळी त्याच्या अंगाचं तापमान चढलेलं असतं, हे द हानला मोजून दिसलं. रुग्ण सांगतो ते एक आणि पारा सांगतो ते दुसरं. दोन्ही लिहून ठेवायचं, हा या खाटांभोवतीचा धडा होता.

आन्टोन श्टोर्क हा व्हॅन स्विटेनचा शिष्य याच वातावरणात घडला. सॉक्रेटिसला दिलेलं विष म्हणून प्रसिद्ध असलेल्या हेमलॉकचा औषध म्हणून उपयोग होतो का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं ते आधी कुत्र्याला दिलं, मग स्वतः घेतलं आणि त्यानंतरच रुग्णांना. १७६० साली त्यानं हे प्रयोग प्रसिद्ध केले. हेमलॉकबद्दलच्या त्याच्या आशा पुढे खऱ्या ठरल्या नाहीत, पण नवं औषध पायरी-पायरीनं पारखून घ्यायचं, ही शिस्त टिकली. खुद्द व्हॅन स्विटेनचं नावही एका औषधाला चिकटलं. उपदंशावर त्यानं पाऱ्याचा एक जहाल क्षार मद्यार्कात अगदी सौम्य प्रमाणात विरघळवून पोटात द्यायला सुरुवात केली. पाऱ्याची जबर मात्रा देऊन रुग्णाची लाळ गाळत ठेवण्याच्या जुन्या उपचारापेक्षा हे सुसह्य होतं. पण पारा अखेर विषच. रोगाचं जंतू हे कारण कळायला अजून दीडशे वर्षं जायची होती.

त्याचं नाव आणखी एका ठिकाणी टिकलं आहे आणि ते आपल्या बांधावर आहे. निकोलाउस जाकां हा लायडनचा तरुण व्हॅन स्विटेनच्या बोलावण्यावरून व्हिएन्नाला आला. राजाच्या बागेसाठी झाडं आणायला तो १७५४ मध्ये वेस्ट इंडीजला गेला आणि १७५९ मध्ये परतला. तिकडच्या मौल्यवान लाकडाच्या एका वृक्षाच्या प्रजातीला त्यानं आपल्या आश्रयदात्याचं नाव दिलं : स्विटेनिया. हाच महोगनी. कोकणात आणि देशावर आज जे शेतकरी महोगनीची रोपं लावतात, त्या रोपांच्या शास्त्रीय नावात मारिया थेरेसाचा राजवैद्य आहे.

दरबाराबाहेरचा रुग्ण

व्हॅन स्विटेनची नजर राजवाड्याच्या आणि विद्यापीठाच्या भिंतींत अडकून राहिली नाही. डॉक्टर, शल्यवैद्य, सुईण, औषधविक्रेता यांपैकी कोणालाही शिकल्याशिवाय आणि परीक्षा दिल्याशिवाय धंदा करता येऊ नये, असा त्याचा आग्रह होता. १७७० साली राज्यभरासाठी आरोग्याचा एक सर्वसाधारण कायदा झाला. त्यात या प्रत्येकाची कर्तव्यं ठरवून दिली होती आणि प्लेग रोखण्यासाठी सीमेवरच्या विलगीकरणाचे नियमही होते. प्रजेचं आरोग्य ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार त्या काळात नवा होता.

हर्मर्सडॉर्फनंतर तीन वर्षांनी, १७५८ साली, क्रोएशियातल्या मॅग्डालेना लोगोमेर नावाच्या बाईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. छळ करून तिच्याकडून कबुली घेतली होती. मारिया थेरेसानं तिला व्हिएन्नाला आणवलं. व्हॅन स्विटेननं तिची तपासणी केली, तिच्या अंगावरच्या जखमा पाहिल्या आणि कबुलीची किंमत काय ते राणीपुढे मांडलं. ती बाई सुटली. चमचा मोजणारी नजर या वेळी एका जिवंत माणसाच्या कामी आली.

सत्तेची दुसरी बाजू

एवढा अधिकार एका माणसाच्या हाती आला की त्याच्या मर्यादाही राज्यभर पसरतात. व्हॅन स्विटेन राजग्रंथालयाचा प्रमुख होता आणि १७५९ पासून पुस्तकांच्या तपासणी मंडळाचा अध्यक्षही. जेझुइट पाद्र्यांच्या हातून ही सत्ता त्यानं काढून घेतली, त्यामुळे विज्ञानाच्या पुस्तकांना वाट मोकळी झाली. पण व्हॉल्टेअरच्या लिखाणाला त्यानंही दार बंदच ठेवलं. पिशाचांच्या बाबतीत पुराव्यावाचून काही न मानणारा हा माणूस श्रद्धाळू कॅथलिक होता आणि वाचकानं काय वाचावं हे आपण ठरवावं, यात त्याला काही गैर वाटत नव्हतं. माझ्या मते ही त्याची चूकच.

वैद्यकातल्या त्याच्या दोन चुका अधिक बोलक्या आहेत.

पहिली लेओपोल्ड आउएनब्रुगरच्या बाबतीतली. हा ग्राट्सच्या खानावळवाल्याचा मुलगा, व्हिएन्नात शिकलेला, तिथल्या स्पॅनिश रुग्णालयात काम करणारा. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायचा, ही त्याची युक्ती. निरोगी छाती पोकळ वाजते आणि फुप्फुसाभोवती पाणी साठलं असेल तिथे आवाज बद्द येतो. मेलेल्यांच्या छातीत पाणी भरूनही त्यानं हे पडताळलं. १७६१ साली त्यानं ते छोट्या लॅटिन पुस्तकात मांडलं. याहून अधिक लायडनच्या परंपरेतलं काम कोणतं असणार? तरी व्हॅन स्विटेननं आपल्या पुढच्या खंडांत छातीच्या रोगांविषयी लिहिताना या युक्तीचा उल्लेखही केला नाही. द हाननंही तिची दखल घेतली नाही.

दुसरी चूक देवीची. देवीनं मारिया थेरेसाचं घर पोखरलं. १७६१ मध्ये मुलगा कार्ल योसेफ गेला, १७६२ मध्ये मुलगी योहाना, १७६३ मध्ये सून इझाबेला. १७६७ च्या मे महिन्यात दुसरी सून गेली आणि तिच्याजवळ गेलेल्या राणीलाच देवी आल्या. अंत्यविधीची प्रार्थना म्हणण्यापर्यंत वेळ आली, पण ती वाचली. ऑक्टोबरमध्ये मुलगी मारिया योसेफा गेली. तिचं लग्न नेपल्सच्या राजाशी ठरलं होतं.

इंग्लंडमध्ये १७२० च्या दशकापासून देवी टोचत होते. सौम्य देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत टोचायचा, हलकासा आजार येऊ द्यायचा आणि पुढच्या मोठ्या आजारापासून त्याला वाचवायचं. यात थोडे लोक दगावत, पण देवीच्या साथीत दगावणाऱ्यांच्या मानानं फारच कमी. द हान या पद्धतीचा कडवा विरोधक होता आणि व्हॅन स्विटेन साशंक. निरोगी मुलाला मुद्दाम रोग कसा द्यायचा, हा प्रश्न खोटा नव्हता. पण आकडे दुसरंच सांगत होते, आणि ऐकायला सगळ्यांत योग्य कान या दोघांचेच होते.

१७६८ साली राणीनं इंग्लंडच्या दरबाराकरवी यान इंगेनहाऊसला बोलावलं. तोही हॉलंडचा आणि कॅथलिकच. त्यानं आधी गरीब घरांतल्या मुलांना टोचलं आणि मग राजघराण्यातल्या मुलांना. धोका आधी गरिबांच्या लेकरांनी उचलला, हे इथे स्पष्ट लिहून ठेवायला हवं. सगळी मुलं सुखरूप राहिली आणि टोचण्याला राज्यात मान्यता मिळाली. याच इंगेनहाऊसनं १७७९ साली झाडं सूर्यप्रकाशातच हवा शुद्ध करतात, हे दाखवून प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासाचा पाया घातला.

मागे काय उरलं

१८ जून १७७२ रोजी शॉनब्रुनच्या राजवाड्यात व्हॅन स्विटेन वारला. मुलगा गॉटफ्रीड पुढे त्याच ग्रंथालयाचा प्रमुख झाला. मोत्सार्टचा तो आश्रयदाता होता आणि बेथोव्हननं आपली पहिली सिंफनी त्याला अर्पण केली. राजवैद्याच्या जागी श्टोर्क आला. १८८८ साली व्हिएन्नात मारिया थेरेसाचं भव्य स्मारक उभं राहिलं, तेव्हा तिच्या पायाशी सेनापती आणि मुत्सद्द्यांच्या बरोबरीनं या डॉक्टरचाही पुतळा उभारला गेला.

त्याचं खरं मोल मात्र आउएनब्रुगरच्या पुस्तकाच्या पुढच्या प्रवासात दिसतं. १८०८ साली नेपोलियनचा राजवैद्य कोर्व्हिसार यानं ते पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं आणि पॅरिसमध्ये छाती ठोकून तपासणं सुरू झालं. तिथून ही विद्या व्हिएन्नाला परत आली. १८३९ साली योसेफ श्कोडा यानं व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात हजारो रुग्ण तपासून तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे शवविच्छेदनाशी ताडून निश्चित केलं. रुग्णाजवळ उभं राहून शिकायचं आणि अंदाज शवविच्छेदनानं पडताळायचा, हे त्या शहराला शिकवणारा व्हॅन स्विटेनच होता.

एका माणसाला कळलं नाही ते त्यानं घालून दिलेल्या शिस्तीला पुढे कळलं. राजाची मर्जी राजाबरोबर संपते आणि विद्वानाचं मत त्याच्या काळाबरोबर जुनं होतं. शिकवण्याची, तपासण्याची, पडताळण्याची व्यवस्था उभी राहिली, की ती आपल्या संस्थापकाच्याही चुका दुरुस्त करते. राणीच्या कानाशी २७ वर्षं राहिलेल्या या वैद्यानं आपला शब्द अशा व्यवस्थेसाठी खर्च केला. म्हणून त्याच्या चुका मोजूनही त्याचं नाव आदरानं घ्यावं लागतं.